खाजणातला कोल्हा

सपना तायडेला तो आधी कुत्राच वाटला. बोरीवली पश्चिमेला, गोराईच्या वसाहती संपून खाडीचं दलदलीचं खाजण सुरू होतं तिथे मातीचा एक बांध आहे. हॉस्पिटलात एक्स-रे काढायच्या नोकरीत दिवसभर बंद खोलीत उभं राहावं लागायचं, म्हणून सकाळी तेवढा बांधावर चालण्याचा तिचा नेम. मार्च लागला होता. बांधाच्या उतारावर कुणीतरी कोंबडीची पिसं आणि आतडी टाकली होती आणि ते जनावर तिथे मान वाकडी करून उभं होतं. शेपूट झुपकेदार, पाय बारीक, अंग पिवळट. त्याने तोंड वर केलं आणि सपनाला कळलं, हा कोल्हा. मानेभोवती तार होती. ती इतकी आत रुतली होती की दिसत फक्त तिचं मागचं टोक होतं, पाठीवर लोंबणारं. बाकी सगळी जखमच.

कोल्ह्याने तिच्याकडे पाहिलं आणि तिवरांच्या झाडीत शिरला. पळाला नाही, चालत गेला.

सपना गेलं वर्षभर एका छोट्या टोळीत होती. टोळीच म्हणायची, कारण संस्था वगैरे नव्हती. रविवारी खाजणात हिंडायचं, कोल्ह्यांची पावलं शोधायची, विष्ठेत खेकड्यांची कवचं दिसली की खूश व्हायचं, असली ही माणसं. सोसायटीतले त्यांना 'कोल्हेवाले' म्हणायचे आणि आपसात हसायचे. सपनाने तिथूनच डॉक्टर श्रुतिका सावंतला फोन लावला. श्रुतिका जनावरांची डॉक्टर. कांदिवलीत तिचा दवाखाना होता आणि वनखात्याला अडल्या वेळी तिचीच आठवण व्हायची.

"चालत गेला?" श्रुतिकाने दोनदा विचारलं. "तुला बघून पळाला नाही?"

"नाही. का गं?"

"काही नाही. जवळ जाऊ नकोस. एकटी तर अजिबात नको."

त्या 'काही नाही'चा अर्थ सपनाला संध्याकाळपर्यंत कळला. पूर्वेच्या कुठल्याशा उपनगरात पिसाळलेल्या कोल्ह्याने माणसांना चावे घेतल्याची बातमी सगळ्यांच्या फोनवर फिरून गेली होती. आता इथेही एक कोल्हा दिवसाउजेडी फिरतोय, माणसाला घाबरत नाही, मान वाकडी करून चालतो, हे कळल्यावर वसाहतीत नुसती घबराट उडाली. कुणी म्हणालं विष घाला. गल्लीतल्या पोरांनी लोखंडी सळया काढून ठेवल्या. धोंडिराम नावाचा एका सोसायटीचा वॉचमन तर शपथेवर सांगायला लागला की कोल्हा त्याच्या अंगावर धावून आला. नंतर खोदून विचारल्यावर तो एवढंच म्हणाला, की कोल्हा कचऱ्याच्या डब्यामागून निघाला आणि हाच पडला.

वनरक्षक सिद्धेश पिंजरा घेऊन आला. पिंजऱ्यात कोंबडी ठेवली. कोंबडी मुंगसाने नेली. दुसऱ्या खेपेला पिंजऱ्यात मांजर सापडलं. कोल्हा पिंजऱ्याभोवती फिरून गेल्याची पावलं तेवढी चिखलात उमटली होती.

"एकदा फासात अडकलेलं जनावर आहे," श्रुतिका म्हणाली. "तार दिसली की जाणारच नाही आत. त्याला बाहेर बोलवावं लागेल, आणि मला दहा-बारा पावलांवर मिळायला हवा." तिच्याकडे लांब नळी होती. तिच्यात भुलीच्या औषधाची सुई घालून फुंकर मारायची. बंदुकीचा आवाज नाही, पण पल्लाही नाही.

"बोलवायचं म्हणजे?"

"सहदेवकाकांना विचारू या."

सपनाने तोंड वाकडं केलं.

सहदेव परब सत्तरीला टेकलेले. कुडाळकडचे. तरुणपणी मुंबईत गिरणीत लागले, गिरणी बंद पडल्यावर शाळेची बस चालवली, आता निवृत्त. टोळीत ते सगळ्यांच्या आधीपासून होते, पण सपनाचं त्यांच्याशी कधी जमलं नव्हतं. गावी असताना ते बापाबरोबर शिकारीला जायचे आणि त्याबद्दल अगदी सहज बोलायचे, जसं कुणी कबड्डी खेळायचो म्हणतं तसं. कोंबड्या नेणारे कोल्हे त्यांनी किती मारले याचा त्यांना आकडाही आठवत नव्हता आणि त्याचं काही वाटतही नव्हतं. "तेव्हा मारूकच लागत," एवढंच. मारायचं कधी सोडलं, याचंही त्यांनी कधी भाषण केलं नाही. पण त्यांच्या ओठांत एक विद्या होती. हाताची पालथी बाजू तोंडाला लावून ते कोल्ह्याच्या पिल्लाचा असा आवाज काढायचे, की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा.

वनखात्याने लेखी परवानगी दिली. गल्लीतल्या पोरांची समजूत काढताना सिद्धेशच्या तोंडाला फेस आला. "दोन दिवस द्या," तो म्हणाला. पोरं म्हणाली, "दोन दिवस. मग आम्ही आमचं बघू."

पहिल्या दिवशी सगळे पहाटे बांधावर जमले. सपनाने आग्रह धरला होता की सकाळीच जायचं, कारण तिने कोल्हा सकाळी पाहिला होता. सहदेवकाकांनी नाक वर केलं, बोट ओलं करून हवेत धरलं आणि "बरा, बघूया" म्हणाले.

बांधाआड सगळे ओणवे बसले. समोर पश्चिमेला तिवरांची दाट हिरवी रांग, तिच्यापलीकडे खाडी. काकांनी हात तोंडाला लावला.

तो आवाज सपनाने याआधी गमतीत ऐकला होता. आता ऐकला तेव्हा तिला वाटलं, खरंच कुणीतरी पिल्लाचा पाय चिरडतंय. कुंई... कुंई... मग गुदमरल्यासारखं थांबणं, आणि पुन्हा. हे बरोबर नाही, असं तिच्या मनात येऊन गेलं. पिल्लांचे दिवस. त्याच्या घरात पिल्लं असतील म्हणून तर तो येणार आणि आपण नेमकं तेच वापरतोय.

झाडीच्या कडेला काहीतरी पिवळं हललं. तोच होता. वाकडी मान, खाली आलेला कान. तो चार पावलं बाहेर आला. सपनाच्या कानामागे डास बसला होता. तिने हात किंचित वर नेला.

कोल्हा थबकला. नाक वर गेलं. आणि तो वळून असा नाहीसा झाला की नुसती फांदी हलत राहिली.

"सॉरी," सपना म्हणाली. तिला रडूच यायचं बाकी होतं. "माझ्यामुळे. माझा हात हलला."

"तुज्या हातामुळे नाय गो," काका गुडघ्यांवर हात ठेवून उठत म्हणाले. "तुझा हात तेणी बघूक पण नाय. वारो खयसून येता?"

सपनाने मान फिरवली. वारा पाठीवर लागत होता, वसाहतींकडून खाडीकडे.

"सकाळी वारो जमिनीवरसून पाण्याकडे जाता. आम्ही एवढी माणसा हय बसलेली. साबण, अगरबत्ती, तुझा ता केसाक लावतंस ता, सगळा सरळ तेच्या नाकात. तो आयलोच कसो ह्याचाच माका नवल."

"मग आधी का नाही बोललात?"

"तुया ऐकलं असतंस?" ते सरळ म्हणाले. नसतं ऐकलं तिने.

श्रुतिका मात्र हसत होती. सपनाला राग आला.

"हसतेस काय?"

"अगं, वास आल्याबरोबर पळाला तो. पिसाळलेलं जनावर असं वास घेऊन, विचार करून पळत नाही. मान त्या तारेमुळे वाकडी आहे. खात्री नाही देत मी, पण मला आता बरं वाटतंय."

त्या दुपारी काकांनी बांधावरच्या धुळीत काडीने रेघा मारून दाखवल्या. सपना उकिडवी बसून ऐकत होती. श्रुतिका बाजूला औषधाचं माप काढत होती आणि मध्येमध्ये मान वळवून बघत होती.

"कोलो सरळ येणा नाय. आवाज ऐकता, पण डोळ्यांवर तेचो विश्वास नाय, नाकावर आसा. म्हणान तो वळसो घालता. आवाज करणाऱ्याच्या वाऱ्याखाली येता, म्हणजे वारो जय जाता थय, आणि वास घेता. माझो बापूस काय करी, माका हाक मारूक एका जागेर बसवी आणि आपण बंदूक घेवन तिसरीकडेच. खय? तर कोलो जय वळसो घालून येतलो थय. मी आमिष. समाजला?"

सपनाला समजलं. दुपार होत आली की वारा फिरतो, खाडीकडून जमिनीकडे वाहायला लागतो. तेव्हा काका आत तिवरांच्या कडेला बसणार. कोल्हा त्यांचा वास घ्यायला वळसा घालून बांधाच्या बाजूला येणार. तिथे, त्याच्याही वाऱ्याखाली, पंपाच्या पडक्या खोलीमागे श्रुतिका नळी घेऊन असणार.

"पण उद्या दुपारी भरती आहे," सपना म्हणाली. तिने फोनवर पाहिलं. उद्या पौर्णिमा होती. पौर्णिमेच्या भरतीला खाडीचं पाणी तिवरांतून आत शिरून थेट बांधाला लागायचं. वीस वर्षं ती त्या पाण्याकडे बघत आली होती.

"वारो हवो तर भरती घेवक लागतली," काका म्हणाले. "पाणी चढायच्या आधी काम झाला पायजे."

घरी शांताबाईंनी, सपनाच्या आईने, भाकरी थापता थापता विचारलं, "त्या कोल्ह्याच्या तोंडात हात घालायला चाललीस का?"

"इंजेक्शनं घेतलीत ना आम्ही सगळ्यांनी आधीच, आई."

"मी काय विचारलं, तू काय सांगतेस," शांताबाई म्हणाल्या आणि त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवशी ती बिनसाबणाने आंघोळ करून आली. सूर्य डोक्यावर यायला लागला तरी वारा पडलेलाच. तिवरांची पानं अगदी स्तब्ध. सिद्धेश वसाहतीच्या तोंडाशी उभा होता, कारण सळया घेतलेली पोरं तिथे येऊन थांबली होती आणि तमाशा बघायला अजून माणसं जमत होती. काका एकटेच चिखल तुडवत आत गेले आणि एका बुंध्याशी असे बसले, की दोन मिनिटांनी सपनाला ते दिसेनात. ती आणि श्रुतिका पंपाच्या खोलीमागे पालथ्या पडल्या. जमीन तापलेली. घाम डोळ्यांत उतरत होता.

मग गालाला गार काहीतरी लागलं. खारट, ओलसर. वारा खाडीकडून यायला लागला.

काकांनी हाक दिली.

पहिल्या हाकेला काही नाही. दुसऱ्या हाकेला खंड्या उडाला. काकांनी मग बराच वेळ काहीच केलं नाही आणि ते न करणं सपनाला सहन होईना. ती रोज पेशंटला सांगायची, श्वास रोखा, हलू नका, झालंच. आता तिचं तिलाच ते जमत नव्हतं. छातीतले ठोके मातीवर आपटताहेत असं वाटत होतं.

डावीकडून कोल्हा आला. मान सरळ. गळा स्वच्छ.

श्रुतिकाने नळी उचलली आणि सपनाने तिच्या मनगटावर बोट ठेवलं. हा नव्हे. ही मादी होती. पोट ओघळलेलं, दूध पिती पिल्लं असलेली. ती वळसा घालून नेमकी काकांनी रेघ मारली होती तिथून आली, वारा घेतला आणि पंपाच्या खोलीकडे तोंड करून थांबली. तिच्यात आणि सपनात सात-आठ पावलं उरली असतील. तिचे डोळे पिवळे होते आणि ती सरळ सपनाकडे बघत होती. पुढचा पाय उचललेला. नाकपुड्या हलत होत्या. हिने एक हाक दिली की सगळं संपलं. नर येणार नाही, सळया मात्र येतील. सपनाच्या मानेवरून मुंगी चालत होती. ती चालू दिली. पापणीवर घाम आला, तोही येऊ दिला.

मादीने पाय खाली ठेवला. आणि तिच्यामागून, तिच्या भरवशावर, तो आला.

लंगडत नव्हता, पण थकलेला होता. तोंड उघडं. वाऱ्यावर जखमेचा कुजका वास आधी पोचला. श्रुतिकाने नळी ओठांना लावली. फुस्स. एवढाच आवाज. त्याच्या मांडीत लाल पिसाची सुई हलली. तो उडालाच. मादी एकीकडे, तो दुसरीकडे, थेट तिवरांच्या आत, ओढ्यासारखा चर खाडीकडे जातो त्या दिशेने.

सपना उठून धावली. पाच पावलं गेली असेल तोच झाडीतून काकांचा दबका आवाज आला, "थांब! थांब गो! धावा नको!"

काका चिखलातून बाहेर येत होते. "पाठीसून गेलंस तर तो मरासर धावतलो. लागलेल्या जनावराक बसूक देवचा. तेका वाटला पायजे कोणी येणा नाय. मगे तो थयच बसतलो, गप. धा मिनिटांनी जावन उचलायचो."

श्रुतिकाही म्हणाली, "बरोबर आहे. औषध चढायला वेळ लागतो. पळवला तर चढणारच नाही, आणि त्याचं हृदय बंद पडेल."

सपना थांबली. काकांचं कालचं सगळं खरं निघालं होतं. आजचंही खरं असेल. तिने चराकडे पाहिलं. चर सकाळी कोरडा होता. आता त्याच्या तळाशी चकचकीत जिभेसारखं पाणी सरकत होतं, आत यायला लागलेलं. फेस, एक थर्माकोलचा तुकडा, पानं, सगळं जमिनीच्या दिशेने.

"काका, तो खाली गेलाय. खाडीकडे. तिथे बसला आणि झोपला तर पाणी येतंय."

"किती वेळात?"

"दहा मिनिटांत तो बुडेल."

काका चराकडे बघत राहिले. त्यांच्या तोंडावर सपनाने असा गोंधळ कधी पाहिला नव्हता. "आमच्या डोंगरात भरती खय येता," ते हळूच म्हणाले. "माका ह्याचा काय म्हायत नाय."

मागून गेलं तर तो आणखी पाण्याकडे धावणार. नाही गेलं तर तिथेच बुडणार. सपनाला वारा तोंडावर लागला, खाडीकडून, आणि एकदम तिला सुचलं. मागून जायचंच नाही. पुढून जायचं.

"माझा वास त्याला पाण्याकडून आला तर तो इकडे वळेल ना?" तिने विचारलं. "जमिनीकडे?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. "वळतलो," ते म्हणाले. "जा. बांधावरसून जा. आवाज करू नको."

बांधाचा एक फाटा कोळ्यांच्या जुन्या धक्क्यापर्यंत खाडीत गेलेला आहे. सपना त्यावरून धावली. टोकाला तिने बूट काढून फेकले आणि चिखलात उडी मारली. गुडघ्यापर्यंत गेली. पाणी पोटऱ्यांना लागत होतं आणि ते पाणी तिच्याच बरोबर आत निघालं होतं. तिवरांच्या मुळांना धरधरून ती चराच्या तोंडाशी आली. मुळांवर कालवं चिकटलेली, सुरीच्या पात्यासारखी. उजवा तळवा फाटला ते तिला नंतर कळलं. तिने ओढणी सोडली, घामाने चिंब झालेली, आणि वाऱ्यावर धरली.

चराच्या आत, पंधरा-वीस पावलांवर, तो पाण्याच्या कडेला पडला होता. डोकं पुढच्या पायांवर. पाणी त्याच्या हनुवटीशी. त्याच्या नाकपुड्या हलल्या. डोकं वर आलं, झुकलं, पुन्हा वर आलं. मग तो उठला आणि तिच्यापासून लांब, जमिनीच्या बाजूला, दारू प्यायलेल्या माणसासारखा चालायला लागला. एक पाऊल, दोन पावलं. मागचे पाय फाकले. तो अजून थोडा गेला आणि चराच्या वळणावर तोंडावर पडला. तिथेही पाणी होतं. थोडंसंच. पण त्याचं नाक त्यात होतं.

"श्रुतिका!" सपना जिवाच्या आकांताने ओरडली. आता ओरडायला हरकत नव्हती. "वळणावर! पडलाय! नाक पाण्यात!"

तिकडून यायला त्यांना वेळ लागणार होता. ती जवळ होती. ती चिखलातून ओढत ओढत निघाली. प्रत्येक पाय काढताना चिखल तो परत मागत होता. तिने त्याला गाठलं, हनुवटीखाली हात घालून डोकं वर उचललं आणि मांडीवर घेतलं. त्याने फुर्र करून पाणी बाहेर टाकलं. अंग भट्टीसारखं तापलेलं. तोंडातून फेस येत होता, पांढरा, चिकट, आणि तो तिच्या तळहातावरून ओघळत होता. तेव्हा तिने तळहात पाहिला. उभा चिरलेला होता. फेस सरळ त्या चिरेत जात होता.

हात काढावा, असं वाटलं. काढला तर डोकं पाण्यात. गुडघे टेकून बसलेली ती स्वतः रुतली होती, पाणी मांडीशी चढत होतं. तिने हात काढला नाही. त्याचा डोळा अर्धा उघडा होता. ओठ थरथरला आणि सुळा दिसला.

"झालंच," ती म्हणाली. "हलू नकोस. झालंच."

काका आधी आले. सत्तरीचा माणूस तिवरांच्या मुळांवरून कसा आला कोण जाणे. त्यांनी गळ्यातला पंचा काढून कोल्ह्याच्या जबड्याला दोन वेढे दिले, गाठ मारली, आणि त्याला तिच्या मांडीवरून उचलून छातीशी धरलं. मग जागच्या जागी उभे राहिले.

"काय झालं काका?"

"गरम आसा गो," ते म्हणाले. "एवढे कोले उचललंय जन्मात. जिवंत पयल्यांदाच."

त्यांनी कोल्हा श्रुतिकाच्या हातात दिला आणि मग सपनाला दोन्ही हातांनी चिखलातून उपटून काढलं.

बांधावर श्रुतिकाने कोल्ह्याला हात लावायच्या आधी सपनाचा तळवा धरला. बाटल्यांमागून बाटल्या पाणी आणि साबण. सपना विव्हळली तरी ती चोळतच राहिली. "बोलू नकोस. तू घेतलेली इंजेक्शनं आहेत म्हणून मी रडत नाहीये. आजच पुन्हा टोचायचं. मी स्वतः नेणार."

"त्याला बघ आधी."

"काका बघतायत."

काकांनी पक्कड मागितली. सिद्धेशने आणून दिली. तार मोटरसायकलच्या ब्रेकची होती. डुकरांसाठी कुणीतरी लावलेली असणार. ती तोडल्यावर बाहेर काढायला श्रुतिकालाच यावं लागलं, इतकी मांसाने धरली होती. सळया घेतलेली पोरं सिद्धेशच्या मागोमाग बांधावर आली होती. कोल्ह्याच्या गळ्यातून तार निघताना त्यांच्यातल्या एकाने तोंड फिरवलं. दुसरा म्हणाला, "एवढासा तर आहे यार."

पुढचे दिवस सपनाला जड गेले. कोल्हा जंगलाकडेच्या उपचार केंद्रात होता, खात होता, गुरगुरत होता. "चावणारा कुत्रा दहा दिवस जगला तर भीती नाही म्हणतात, पण कोल्ह्याच्या बाबतीत त्या भरवशावर बसता येत नाही गं," श्रुतिका म्हणाली होती. म्हणून इंजेक्शनं घेऊनही रात्री पाण्याचा पेला तोंडाला लावताना सपना आधी क्षणभर पेल्याकडे बघायची, घशाखाली उतरतंय ना म्हणून. उतरायचं. शांताबाई त्या वेळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहायच्या.

काका रोज फोन करायचे. कोल्ह्याचं विचारायचे, मग हाताचं, मग फोन ठेवायचे. एकदा मात्र ते घुटमळले.

"तू तेव्हा पुढून जाते म्हणालंस," ते म्हणाले, "ता माका नसता सुचला. मी बसान ऱ्हवलो असतंय. आणि तो बुडान मेलो असतो."

"तुम्हीच तर वारा शिकवलात, काका."

"वारो शिकवलंय. पाणी तुझा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सोडायचा दिवस आला तेव्हा कोल्ह्याच्या मानेभोवती केस नसलेली गुलाबी पट्टी राहिली होती, बाकी तो धडधाकट होता. उन्हं कलली होती. ओहोटी होती आणि खाजण लांबपर्यंत उघडं पडलेलं. सिद्धेशने पिंजऱ्याचं दार वर ओढलं. सगळे बांधामागे सरकले. सपनाला वाटलं होतं की तो बाणासारखा सुटेल.

तो बाहेर आला. चिखल हुंगला. थोडं चालून गेला आणि मध्येच, अगदी उघड्यावर, बूड टेकून बसला. मग मागचा पाय उचलून त्याने मान खाजवली. अगदी निवांत, डोळे मिटून, बराच वेळ खाजवली. जिथे इतके दिवस पाय लावता आला नव्हता, तिथेच.

श्रुतिकाला हसू आवरेना. सपना हसली की रडली, तिचं तिलाच कळलं नाही.

खाजवून झाल्यावर त्याने अंग झाडलं आणि तिवरांत निघून गेला.

"चला," सहदेवकाका गुडघे झटकत उठले. "भूक लागली. खय बरो वडो मिळता हय?"